प्राण्यांचे जैविक घड्याळ आणि उजेड-अंधाराचे चक्र : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊरच्या पायवाटेवर, ऐरोलीच्या खाडीकाठी आणि गृहसंकुलांतील छोट्या व्याख्यानांनंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे काही उत्तरे लांबली आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी आपला प्रश्न शोधून तेवढाच वाचला तरी चालेल.

जैविक घड्याळ म्हणजे नेमके काय? ते उजेडावर चालते का?

उजेडावर चालत नाही, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात या म्हणीची दुसरी बाजू दिसली : कोंबडे झाकले तरी त्याचे आरवणेही राहत नाही. त्यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेड असलेल्या खोलीत ठेवले. पहाट कळण्याचा कोणताही मार्ग नसताना ते दिवसातून एकदा, आपापल्या पहाटेला आरवत राहिले. मात्र त्यांचा ‘दिवस’ 24 तासांपेक्षा किंचित लहान होता, त्यामुळे खोलीबाहेरच्या पहाटेशी त्यांचा मेळ हळूहळू सुटत गेला.

या निरीक्षणात घड्याळाची दोन्ही लक्षणे आहेत. बाहेरून काही खूण मिळाली नाही तरी लय चालू राहते. आणि अशी मोकळी सुटलेली लय बरोबर 24 तासांची नसते, 24 तासांच्या आसपासची असते. इंग्रजीतून आलेला ‘सर्केडियन’ हा शब्द फ्रान्झ हालबर्ग यांनी 1959 साली घडवला, तो याच अर्थाने : ‘सुमारे एक दिवस’. त्यातील ‘सुमारे’ हा शब्दच या पानावरील बहुतेक उत्तरांचा गाभा आहे. आणखी एक लक्षण सहज नजरेआड होते. शरीरातील बहुतेक रासायनिक क्रिया तापमान वाढले की वेगाने होतात, परंतु या घड्याळाचा वेग थंडीत आणि उन्हाळ्यात जवळजवळ सारखाच राहतो. तसा तो राहिला नसता तर पालीचे किंवा माशीचे घड्याळ मे महिन्यात रोज काही तास पुढे पळाले असते.

मग उजेडाचे काम काय?

उजेड घड्याळाला किल्ली देत नाही. तो रोज काटे सरकवून घड्याळ बरोबर लावतो. आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ रोज काही मिनिटे मागे पडत असे आणि घरातील कोणीतरी रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी ते लावून ठेवत असे, तसाच हा प्रकार आहे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या उंदराचे अंतर्गत घड्याळ साडेतेवीस तासांचे आहे, म्हणजे ते रोज अर्धा तास पुढे पळते. आज तो अंधार पडताच बिळातून बाहेर आला असेल, तर उद्या त्याचे घड्याळ त्याला अर्धा तास आधीच उठवील आणि तो बिळाच्या तोंडाशी येईल तेव्हा बाहेर अजून संधिप्रकाश असेल. त्याच्या अंतर्गत रात्रीच्या सुरुवातीला डोळ्यांवर पडलेला हा उजेड घड्याळ मागे ढकलतो, आणि परवाच्या दिवशी तो पुन्हा अंधाराच्या सुमारास बाहेर येतो. दिवसभर बिळात झोपून राहणाऱ्या प्राण्यालाही एवढा उजेड पुरतो. अमेरिकेतील पॅट्रिशिया डीकर्सी यांनी कृत्रिम ढोलीत ठेवलेल्या उडत्या खारी अशाच संध्याकाळी तोंड बाहेर काढून पाहत आणि उजेड असेल तर मागे फिरत. दिवसाकाठी काही मिनिटांचे हे डोकावणे त्यांचे घड्याळ लावायला पुरेसे होते.

माणसाचे उलट आहे. हार्वर्डमधील चार्ल्स चाइसलर आणि सहकाऱ्यांनी 1999 साली काळजीपूर्वक मोजले तेव्हा माणसाच्या मोकळ्या लयीची सरासरी 24 तास 11 मिनिटांच्या आसपास आली. म्हणजे आपले घड्याळ रोज थोडे मागे पडते आणि ते पुढे ओढण्याचे काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो.

एकच उजेड कधी घड्याळ पुढे नेतो, कधी मागे, हे कसे?

उजेड किती आहे यापेक्षा तो प्राण्याच्या अंतर्गत रात्रीच्या कोणत्या प्रहरी मिळाला, यावर परिणाम ठरतो. रात्रीच्या पूर्वार्धात मिळालेला उजेड घड्याळ मागे टाकतो, जणू ‘अजून दिवस संपलेला नाही’ असे तो सांगतो. उत्तररात्री मिळालेला उजेड घड्याळ पुढे नेतो, म्हणजे ‘दिवस उगवला’ असे सांगतो. भर दुपारच्या उजेडाचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, कारण घड्याळाला तेव्हा उजेड अपेक्षितच असतो. आश्चर्याची गोष्ट अशी की दिनचर आणि निशाचर, दोन्ही प्रकारच्या प्राण्यांत या नियमाची ठेवण सारखीच आहे. वटवाघूळ आणि कावळा यांच्या दिनचर्या परस्परविरुद्ध असल्या तरी घड्याळ लावण्याची रीत त्यांची एकच आहे.

विमानप्रवासानंतर होणारा त्रासही याच नियमाने समजतो. काटे एका दिवसात सहा तास सरकत नाहीत. ढोबळमानाने दिवसाला एखादा तास सरकतात. माणसाचे घड्याळ मुळातच मागे पडणारे असल्याने दिवस लांबवणारा पश्चिमेकडचा प्रवास बहुतेकांना पूर्वेकडच्या प्रवासापेक्षा सोपा जातो.

हे घड्याळ शरीरात कोठे असते?

सस्तन प्राण्यांत मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना जेथे ओलांडतात त्याच्या अगदी वर असते. सुमारे 20,000 चेतापेशींच्या या जोडगोळीला सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात आणि तिचे महत्त्व 1972 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले. सर्वांत बोलका पुरावा 1990 साली हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्यावरील प्रयोगातून मिळाला. ज्याचे घड्याळ जन्मतःच सुमारे 20 तासांचे होते, अशा वाणाच्या हॅमस्टरमधील या पेशी घड्याळ गमावलेल्या सामान्य हॅमस्टरमध्ये रोवल्या, तेव्हा त्याचाही दिवस 20 तासांचा झाला. दात्याच्या मेंदूच्या तुकड्याबरोबर त्याची वेळही आली. तत्पूर्वी 1982 साली झुरळाच्या मेंदूतील दृष्टिखंड बदलून असाच परिणाम मिळाला होता.

पेशीच्या आत हे घड्याळ जनुकांच्या एका फेऱ्यावर चालते. काही जनुके प्रथिने बनवतात, ती साठत जातात, पुरेशी साठली की आपल्याच जनुकांना थांबवतात, मग हळूहळू नष्ट होतात आणि फेरा पुन्हा सुरू होतो. फळमाशीतील या यंत्रणेच्या उलगड्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आंधळ्या प्राण्याचे घड्याळ चुकते का?

आंधळेपण कोणत्या प्रकारचे आहे, यावर ते अवलंबून आहे. सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत चित्र पाहणाऱ्या पेशींखेरीज थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्यांत मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि निळसर उजेडाला त्या अधिक प्रतिसाद देतात. चित्र दिसेनासे झाले तरी या पेशी शाबूत असतील तर घड्याळ लागत राहते. डोळाच नसेल तर मात्र सस्तन प्राण्याला उजेडाने घड्याळ लावता येत नाही.

पक्ष्यांचे तसे नाही. त्यांच्या मेंदूतच प्रकाश जाणणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. मायकेल मेनेकर यांनी 1960 च्या दशकात दाखवले की डोळे नसलेल्या चिमण्यादेखील उजेड-अंधाराच्या चक्राशी जुळवून घेतात. डोक्यावरची पिसे काढली की त्यांना अधिक मंद उजेडही कळतो आणि डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली की कळेनासा होतो. फळमाशीत तर अनेक पेशींमध्येच प्रकाश जाणणारे क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन असते.

स्वयंपाकघरातला दिवा लावताच झुरळ पळते. हा घड्याळाचाच परिणाम का?

नाही. उजेडाला दिलेला तात्काळ प्रतिसाद आणि घड्याळाचे सरकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. रात्री अकराला ओट्यावर आलेले झुरळ दिवा लावताच सिंकखाली जाते आणि दिवा बंद करून दहा मिनिटे थांबल्यास पुन्हा तेथेच सापडते. हे मी हातात टॉर्च घेऊन, घरच्यांचा रोष पत्करून, अनेकदा पाहिले आहे. येथे उजेडाने हालचाल तेवढ्यापुरती दाबली आहे. घड्याळ खरोखर सरकले आहे की नाही हे ओळखायचे तर प्राण्याला नंतर काही दिवस सतत अंधारात ठेवून त्याची उठण्याची वेळ बदललेली टिकते का, ते पाहावे लागते.

खग्रास सूर्यग्रहणात पक्षी घरट्यांकडे वळतात, तेही असेच. काही मिनिटांनी उजेड परतला की ते पुन्हा कामाला लागतात. दुपारी त्यांचे घड्याळ तसेही हलायला तयार नसते.

गुहेतल्या किंवा कायम अंधारात राहणाऱ्या प्राण्यांचे काय?

या प्रश्नावर भारतात फार सुंदर काम झाले आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वटवाघळांना गुहेच्या आत, जेथे दिवसरात्र सारखाच अंधार असतो, पिंजऱ्यात ठेवले. गुहेत त्यांच्या जातीची इतर मोकळी वटवाघळे राहत आणि रोज संध्याकाळी बाहेर पडत. पिंजऱ्यातील वटवाघळांनी सूर्य पाहिला नव्हता, तरी शेजाऱ्यांच्या येण्याजाण्यावरून त्यांचे घड्याळ लागलेले राहिले. असा शेजार नसताना मात्र त्यांची लय मोकळी सुटून बाहेरच्या दिवसापासून दूर सरकली. उजेड हा सर्वांत प्रबळ संकेत असला तरी एकमेव नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

दुसरे काम बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले आहे. तेथे फळमाश्यांच्या सलग 600 पिढ्या अखंड उजेडात वाढवल्या गेल्या. दिवस-रात्र ठाऊकच नसलेल्या या माश्यांत कोशातून बाहेर पडण्याची दैनिक लय तरीही शिल्लक होती, हे 1999 साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टोकाला सोमालियातील भूमिगत पाण्यात राहणारा एक आंधळा मासा आहे. लाखो वर्षांच्या अंधारवासात त्याचे घड्याळ उजेडाला जुमानेनासे झाले आहे. ते खाण्याच्या वेळेवर लागते आणि मोकळे सोडल्यास सुमारे 47 तासांचा फेरा घेते.

ठाणे खाडीतील रोहित पक्षी रात्रीही चरताना दिसतात. त्यांचे घड्याळ बिघडले आहे का?

बिघडलेले नाही. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, दिवसाही चरतात आणि रात्रीही. ठाणे खाडीत, जिला 2015 साली अभयारण्याचा आणि 2022 साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, त्यांचे वेळापत्रक सूर्याइतकेच पाण्यावर ठरते. ओहोटीला चिखलपट्टा उघडा पडला की ते तेथे उतरतात. भरतीने तो झाकला की त्यांतले पुष्कळसे नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला येतात. त्यामुळे भरती रात्री दोनला असो वा दुपारी दोनला, त्यांची ये-जा तिच्या मागोमाग होते.

चिखलातील एक नांगी मोठी असलेले लहान फिडलर खेकडे तर याहून पुढे गेले आहेत. त्यांना प्रयोगशाळेत आणून भरती-ओहोटीपासून तोडले, तरी ते काही दिवस सुमारे 12.4 तासांच्या अंतराने चळवळ करतात, कारण त्यांच्या शरीरात भरतीची लय असते. चांद्रदिवस 24 तास 50 मिनिटांचा असल्याने भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. कोळीवाड्यातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, ती याच गणिताची तोंडी आवृत्ती आहे. दिवसाला पाऊण तास धरला की हिशेब जवळपास जुळतो. खेकड्याला मात्र पंचांग लागत नाही. त्याच खेकड्याच्या अंगावरचा रंग दिवसा गडद आणि रात्री फिका होतो, आणि ही लय 24 तासांची असते. म्हणजे एकाच प्राण्यात दोन चक्रांचा हिशेब एकाच वेळी चालू असतो.

आपल्याकडे दिवस फारसा लहानमोठा होत नाही. तरी प्राण्यांना ऋतू कसा कळतो?

ठाण्याचा अक्षांश सुमारे 19 अंश आहे. येथे 21 जूनच्या आसपास दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात सुमारे अकरा तासांचा असतो. फरक सव्वादोन तासांचाच आहे, परंतु घड्याळ असलेल्या प्राण्याला तो पुरेसा आहे. रात्री मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवते. रात्र लांब असेल तर स्रावही लांबतो, आणि सस्तन प्राण्यांच्या शरीराला ऋतू त्यातून कळतो. मेलाटोनिन म्हणजे ‘झोपेचे द्रव्य’ ही समजूत अपुरी आहे, कारण रात्री जागणाऱ्या उंदरातही ते रात्रीच स्रवते. ते झोपेचे नव्हे, रात्रीचे चिन्ह आहे.

पक्ष्यांत वाढत्या दिवसाचा परिणाम अधिक ठळक असतो. महाराष्ट्रात हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्यांनी येणारा काळ्या डोक्याचा भारीट या विषयावरील भारतीय प्रयोगशाळांचा आवडता पक्षी आहे. दिवस मोठा होऊ लागला की तो अंगावर चरबी साठवतो, पिंजऱ्यातही रात्री अस्वस्थपणे पंख फडफडवतो आणि त्याची जननेंद्रिये वाढू लागतात. परतीच्या प्रवासाची सगळी सिद्धता दिवसाच्या लांबीवरून होते.

रस्त्यावरच्या दिव्यांमुळे कोकीळ पहाटे तीनला ओरडतो, हे खरे आहे का?

हा मार्च ते जूनमधील सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुधा अपुऱ्या झोपेची चीड असते. विणीच्या काळात कोकीळ मुळातच भल्या पहाटे, कधी रात्रीही, साद घालतो. त्यामुळे प्रत्येक कूजनाचे खापर दिव्याच्या खांबावर फोडणे योग्य नाही.

तथापि रात्रीचा उजेड निरुपद्रवी आहे, असेही नाही. जर्मनीत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरी आणि रानातल्या ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्रभर केवळ 0.3 लक्स उजेडात ठेवले. हा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच, रस्त्यावरच्या दिव्याखालच्या उजेडाचा एक लहानसा अंश होता. तरी त्यांची प्रजननाची तयारी अंधारात झोपलेल्या पक्ष्यांपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी झाली. अंड्यांतून पिल्ले बाहेर येतील त्या वेळी खायला किडे असतीलच, याची मग खात्री राहत नाही.

माझे मत असे, की संकुलातील झाडांच्या खोडांना रोषणाईच्या माळा गुंडाळण्याची हौस दिवाळीनंतर उतरवून ठेवावी. निळसर पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळसर दिवा, वरच्या दिशेने न फाकता खाली पडणारा उजेड, आणि मध्यरात्रीनंतर अंधार, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

येऊरच्या बिबट्याचाही उल्लेख येथे होतो. तो रात्री वस्तीजवळ फिरतो त्यामागे दिव्यांपेक्षा माणसांची वर्दळ टाळण्याचा भाग अधिक असावा. सहा खंडांतील 62 सस्तन जातींचा 2018 साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात माणसाच्या वावरामुळे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरी 1.36 पट झाल्याचे दिसले.

रविवारी गजर नसतो, तरी कुत्रा सहा वाजता का उठवतो?

कारण त्याच्या पोटालाही घड्याळ आहे. यकृत, आतडी, अशा अवयवांच्या पेशींतही स्वतंत्र घड्याळे असतात आणि ती खाण्याच्या वेळेवर लागतात. उंदराला त्याच्या नेहमीच्या वेळेऐवजी फक्त दिवसा अन्न दिले, तर यकृताचे घड्याळ काही दिवसांत त्या वेळेकडे वळते, परंतु मेंदूतील मुख्य घड्याळ उजेडाला धरून राहते. दारावर कोळीण येण्याआधी उंबऱ्यावर येऊन बसणारी मांजरही हेच करते. सवय बदलायची असेल तर खाण्याची वेळ रोज दहा-पंधरा मिनिटांनी सरकवावी. एकदम तासभर बदलून उपयोग होत नाही.

ऐरोली-महापे येथे रात्रपाळी करणाऱ्यांचे घड्याळ उलटे का होत नाही?

सकाळी कामावरून परतताना ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून जे ऊन डोळ्यांत जाते, ते घड्याळाला पुन्हा दिवसाच्या बाजूला ओढते. आणि सुटीच्या दिवशी माणूस घरच्यांप्रमाणे वागतो. त्यामुळे घड्याळ धड रात्रीचे होत नाही, धड दिवसाचे राहत नाही. झोपेची खोली पूर्ण काळोखी ठेवणे हा त्यातल्या त्यात साधा उपाय आहे. त्रास फार असल्यास डॉक्टरांकडे जावे.

घरातील मासे, पक्षी आणि कोंबड्या यांना किती उजेड द्यावा?

माशांच्या टाकीतील दिवा रोज ठरावीक वेळी लागावा आणि बंद व्हावा. आठ ते दहा तास पुरेसे असतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी टाकीचा दिवा रात्री वाचताना माझ्या सोयीने चालू ठेवत असे. मासे त्या उजेडात झोपल्यासारखे तळाशी थबकून राहत आणि सकाळी टाकलेले खाणे तसेच कुजत असे. टायमर बसवल्यावर आठवड्याभरात ते सकाळी काचेशी येऊ लागले. पिंजऱ्यातील पक्ष्यांना संध्याकाळी दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर न ठेवता अंधाऱ्या खोलीत हलवावे. (आपला देशी पोपट पाळणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे येथे सांगून ठेवतो.) अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पोल्ट्रीत 14 ते 16 तास उजेड देतात, कारण लांब दिवस त्यांना विणीचा काळ वाटतो; गावठाणातील खुराड्यात दिवे नसतात, म्हणून हिवाळ्यात अंडी कमी होतात. त्यात आजार काही नाही.

हे सारे घरबसल्या पाहता येईल का?

येईल, आणि त्यासाठी वटवाघळांइतका सोयीचा प्राणी नाही. ज्या झाडावर मोठी फळखाऊ वटवाघळे लोंबकळतात असे झाड आपल्या परिसरात असेल, तर संध्याकाळी गच्चीत उभे राहून पहिले वटवाघूळ कोणत्या मिनिटाला उडाले, तेवढे वहीत टिपावे. ठाण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे सात-वीसला. माझ्या वहीतील नोंदी या सव्वा तासाच्या उताराबरोबर वर्षभर सरकतात. पावसाळी ढगांनी लवकर काळोख झाला की आकडा थोडा अलीकडे येतो. बहुतेक दिवशी एखादे वटवाघूळ अंधार पडण्यापूर्वीच पंख सोडवते, झाडाभोवती एक घिरटी घालते आणि पुन्हा फांदीला उलटे लटकते. ती वेळ मी वेगळ्या शाईने लिहितो.